एक शब्द जास्तीचा

लिस्बनहून आलेली बाई टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवते,
विचारते, इदालिनाच्या कवितेत
इतकं मरण आलं कुठून?
मी म्हणतो, तारेनं.

ती हसते. तिला वाटतं, म्हातारा कोटी करतोय.

बाई, मी चौदा वर्षांचा. सायकल पोस्टाची,
चेन सारखी पडायची.
इदालिना काउंटरमागे, कानांवर हेडफोन,
तर्जनीला शाईचा कायमचा डाग.
आमच्या इल्याव्हूतले पुरुष एप्रिलमध्ये
कॉड धरायला ग्रीनलंडकडे जायचे;
तिथे धुक्यात एकेकटे, पळीएवढ्या होड्यांतून.
ऑक्टोबरात परत यायचे,
जे यायचे ते.
बाकीच्यांची तार.

शब्दाला दर होता. कंपनी मोजून पैसे भरायची.
नाव. होडीचा नंबर. तारीख. सापडला नाही.
विशेषण परवडत नसे.
तुम्हीच लिहिलंय ना, तिच्या ओळी हाडासारख्या उघड्या?
तो दर होता, बाई.

आणि ते दार, जे तिच्या प्रत्येक पुस्तकात
अर्धंच उघडतं, ते माझं.
संध्याकाळी परत आलो की ती एवढंच विचारायची:
दार कुणी उघडलं?
मी सांगायचो. पिठाचे हात.
एक पोर, तोंडात पावाचा तुकडा.
एकदा नुसता कुत्रा, मागे कुणीच नाही.
ती ऐकायची, मग वहीवर शिक्का मारायची.

सायकलची घंटी मी काढून टाकली होती.
उपयोग नव्हता, चेन वाजायचीच.
बायका खारवलेल्या माशांवरचे हात उचलून
बघत राहायच्या, थांबतो कुठे.
मी पुढे गेलो की श्वास सोडायच्या
आणि त्या श्वासाची त्यांना जन्मभर लाज.
तीही आहे तिच्या कवितेत.
पान तुम्ही शोधा.

सत्तावन्नच्या ऑगस्टात एक तार
तिनं दोनदा लिहिली.
पाकीट चिकटवलं, म्हणाली,
आज सायकल नको. चालत जा.
पत्ता आमचाच होता.

आईला वाचता येत नव्हतं. मीच वाचली.
नाव, नंबर, तारीख, सापडला नाही.
आणि शेवटी: शांतपणे.

आई त्या एका शब्दावर एकतीस वर्षं जगली.

पुढे पोस्ट नव्या इमारतीत गेलं,
जुनी रजिस्टरं मी उचलली.
त्या तारखेला कंपनीचे शब्द नऊ.
दहावा तिच्या पगारातून.
आणि जो सापडलाच नाही,
तो कसा गेला हे पाहिलं कुणी?

मी तिला कधी विचारलं नाही.
तीही रोज मला म्हणायची, चेनला तेल घाल.

तुम्ही तिच्यात मरण मोजता, ठीक.
समुद्र मोजा, मीठ मोजा, दारं मोजा.
सातही पुस्तकांत तो एक शब्द
एकदाही नाही.
मोजलंय मी. मोजायची सवय तिचीच.

तुमची कॉफी निवली, बाई.