तेलाखालची लसूण

सोहार बंदरातून सुटलो की
हातमोज्यांतला घाम वाळूत ओततो
आणि खोलीवर येतो.
चार खाटा, एक फ्रिज.
वरून दुसरा कप्पा माझा,
इक्बाल दळवीच्या सुक्या बोंबलांखाली.

शुक्रवारी हमूदच्या वाडीतून लिंबं आणली,
पातळ सालीची, सुपारीहून जरा मोठी.
हमूद म्हणाला, मिठाच्या पाण्यात उकळ, छपरावर टाक,
काळी पडून खुळखुळू लागली की झाली लूमी.
माझ्या बापाची अजून डब्यात आहे, म्हणाला,
बाप नाही.
मला लूमी नको होती.
मला फोडी हव्या होत्या, हळदीतल्या, बिया काढलेल्या.

हेमलता फोनवर. देवगडला कारखान्यात
ती आंब्याचा रस डब्यांत भरते,
सहावा हंगाम.
डब्याच्या झाकणावर बोट टेकवून सांगते
आत काय चाललंय.
"बरणी बुडात इतक्या पाण्यात उकळ. धा मिण्टां.
फडक्यान पुसू नको. उलटी ठेव, आपसूक सुकात."
उनाला तोटा नाही इथं, मी म्हणालो.
"आणि हवा?"
खरंच. ऑगस्टात इथं समुद्र
हवेत उभाच असतो,
ताटलीत मीठ ठेवा, तासाभरात रडायला लागतं.
म्हणून लिंबं खोलीतच, एसीच्या झोतात पुसून, वाळवून चिरली.

तेवढ्यात तिला मागची खिडकी दिसली.
"ता काय?"
ती तुळाजीची बाटली.
खटावचा तुळाजी, क्रेनवरचा.
दोन किलो लसूण त्यानं रात्री जागून सोलली,
तेलात बुडवली, झाकण घट्ट आवळलं.
दहा दिवस खिडकीत.
सोनेरी. एकही बुरशी नाही.
"टाकून दी."
अगं, वास चांगला आहे.
"वास घेवन कळणा नाय. चव तर बघूच नको.
तेलाखाली हवा नाय म्हणून तुका बरा वाटता.
हवा नको असता अशीय एक जात असा.
ती गप बसान वाढता."

मी खोलीकडे पाहिलं.
बंद काचा, चार खाटा,
आणि दारावरच्या खिळ्याला
चौघांची चार हेल्मेटं.

तुळाजी रात्रपाळीला गेला होता.
बाटली दोन पिशव्यांत बांधली, कचऱ्यात टाकली,
हात कोपरापर्यंत धुतले.
पहाटे तो आला. रिकाम्या खिडकीपुढे उभा राहिला.
माझ्या आईनं आयुष्यभर असंच केलं, म्हणाला,
कोण मेलं?
मला उत्तर नव्हतं. कारखान्याचं उत्तर
त्याच्या आईला कसं द्यायचं?
दोन दिवस बोलला नाही.
मीठ मागायचं तेही इक्बालमार्फत.

तिसऱ्या रात्री दिवा बंद झाल्यावर
त्याच्या खाटेकडून आवाज आला,
"तुझी बायको त्या जातीबद्दल आणखी काय म्हणाली?"
फ्रिजात ठेवायची म्हणाली.
तेलातली लसूण चार दिवस, पाचव्या दिवशी नाही.
"आणि मिठाला भिते का ती?"
भिते. पुरेसं असलं तर.
"लिंबाला?"
आंबटाला फार.
बराच वेळ नुसता एसी बोलला.
इक्बाल कुशीवर वळला.
"मग पावशेर लसूण आणतो उद्या," तुळाजी म्हणाला,
"तुझ्या लिंबात घाल. बुडेल ना नीट, रसात?"
विचारतो तिला, म्हटलं.

फोन उघडला. तिथं साडेबारा वाजून गेले होते.
ती जागी.
"रसात पुरी बुडूक व्हयी. वर तरंगली तर खाली ढकल.
आणि फ्रिजातच ठेव.
आणि चमचो..."
कोरडा, मी म्हणालो.
"आणि तारीख लिव."

आता बरणीवर पांढरी पट्टी आहे,
क्रेनच्या दोरखंडावर लावतात तसली.
अक्षर तुळाजीचं.
तारखेखाली त्यानं
चौघांची नावं लिहिलीत,
स्वतःचं शेवटी,
जरा बारीक.