पिवळं कार्ड

पुण्याहून रात्रीच्या एसटीनं परतला अंबादास,
डावा दंड सांभाळत.
सुईबद्दल एक शब्द नाही.
म्हणाला, रांगेत एक नवी नवरी होती, केनियाला निघालेली,
तीच मला धीर देत होती.

साखर पेठेत बावीस वर्षं
जेकार्डची कार्डं पंच केली यानं.
एक भोक चुकलं
की चादरीतला मोर लंगडा.
आता युगांडातल्या मागांना हा हवाय,
आणि याच्या नावाचं
एक पिवळं कार्ड कुणीतरी भरलंय, शिक्का मारून.
दिव्यासमोर धरून बघतो:
याला भोक कुठंय?

दंडात, मी म्हणते. विड्यांचं सूप मांडीवर.

मच्छरदाणी मात्र यानंच निवडली.
चार दुकानं पालथी घालून, बोटानं ताणून ताणून,
"वीण सैल आहे, यातून चिमणीसुद्धा जाईल."

हिवतापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं
शेंगा चटणीच्या डब्याशेजारी.
पाणी उकळून प्यायचं.
हो.
उकळून म्हणजे कोमट नव्हे.
हो गं.

दहा दिवस थांबायचं, मग विमान.
रात्री अंग थोडं तापलं. डॉक्टर म्हणालेच होते.
मी कपाळावर हात ठेवला.
आत ताणा लागतोय, म्हटलं.
झोप.