पाच भोकं

दुर्बिणीनं करू, म्हणाल्या डॉक्टर हेडाऊबाई.
मला दुर्बीण ठाऊक ती चंद्र पाहायची,
रमण विज्ञान केंद्रात नातवानं दाखवलेला.
तेव्हाही खड्डेच दिसले होते.

जठरात डाग आहे, चवलीएवढा.
अजून वरच्याच पदरात.
पदर!
एवढ्या कागदांत एक शब्द ओळखीचा निघाला.

चाळीस वर्षं गोळीबार चौकात माग चालवला.
खोट दिसली तर कुठवर उसवायचं
ते बोटांना कळतं. उशीर केला
की अख्खं लुगडं जातं.

निम्मं जठर काढायचं, उरलेलं आतड्याला सांधायचं.
मी विचारलं, कितीचं सूत?
बाई हसल्या. मग गंभीर होऊन
खरंच सांगितलं, तीन-शून्य.

आता शेजारी येतात पाहायला.
सदरा वर करतो.
पाच पट्ट्या, त्यातली एक जरा लांब,
तिथून बाहेर काढलं म्हणे.
काहून भाऊ, एवढंच?
बारापात्रे तर हिरमुसूनच गेला,
त्याचं अपेंडिक्स वीतभर होतं.

रात्री कूलरच्या घरघरीत
हात पोटावरून फिरतो, आतला सांधा शोधतो.
धोट्यासारखा, इकडून तिकडे.
लागत नाही हाताला.

सकाळी सुभद्रा अर्धी वाटी घेऊन उभी.
नुसते पोहे. तर्रीचं नाव काढायचं नाही.
चावून खा, म्हणते,
दहाला पुन्हा आहे.