पाच टक्के

मे महिना. विभागातल्या सर्व्हर-खोलीचा एसी
दुपारी दोनला बसला.
बाहेर सत्तेचाळीस.
पावणेचौदा अब्ज वर्षांपैकी नऊ अब्ज झालेली,
आणि विश्व थांबलं.

मेश्राम कूलर घेऊन आले, तात्पुरता,
लोखंडी, निळा, वाळ्याच्या ताट्या नव्या.
दमट हवा मशीनला वाईट, हे दोघांनाही माहीत.
दाराशी लावता लावता पडद्याकडे पाहून म्हणाले,
"मॅडम, हे काय शिजून राहिलं?"

दीर्घिका, म्हटलं. बाराशे आहेत.
मोठ्या प्रत्येकीच्या पोटात एक कृष्णविवर.
"दिसत तर नाही."

दिसणार नाही. माझ्या जाळीचा सर्वांत लहान चौकोन
तीनशे प्रकाशवर्षांचा;
फुटाळ्यात मोहरी पडावी
तसं ते त्यात पडलेलं.
म्हणून मी पेरते:
ढग पुरेसा जड झाला की मधोमध
एक लाख सूर्यांचं बी,
आणि पुढे नुसता नियम.
इतका वायू आत, इतका प्रकाश बाहेर.

बी म्हणतात, पण ते उगवत नाही. खातं.
खाताना सांडतं.
तोंडाशी आलेला वायू फिरून फिरून, घासून घासून
इतका तापतो
की घास गिळण्याआधी पंगतच उधळते.

एवढं सांगणं सोपं.
अवघड हे की ते मध्यावर राहत नाही.
शेजारचा एखादा जड कण ओढतो, ते सरकतं,
आणि दर पावलाला मी ते उचलून
परत केंद्रात ठेवते.
शोधनिबंधात हे एका वाक्यात उरकलं आहे.
घरी जाताना झीरो माइलचा सिग्नल लागतो:
खांब, दगडाचे घोडे,
मध्य इथेच, असं कुणीतरी मोजून ठरवलेलं.
घोडे कुठेच निघालेले नाहीत.

"सगळं गिळते म्हणता,
मग बाकीचं जग उरून कसं राहिलं?"

मागच्या वर्षी विवरं काढून चालवून पाहिलं होतं.
वायू थंड होत गेला, अडवायला कोणी नाही,
तारे, आणखी तारे, त्यांच्यावर तारे,
दीर्घिका निळ्या आणि लठ्ठ,
खऱ्या आकाशात नसतात तशा.
नागपुरात, याच महिन्यात, वहीत लिहिलं होतं:
अडचण — सगळं फार लवकर थंड होतं.

म्हणून त्या प्रकाशातले पाच टक्के
वायूला परत देते, उष्णता म्हणून.
तेवढ्याने पुढचे तारे राहून जातात.
दीर्घिका लाल होते, म्हणजे निवते.

"पाचच काहून?"
पाच ठेवले की जुळतं.
दोन ठेवले तर नाही.
"म्हणजे अंदाज."
म्हणजे अंदाज.

त्यांनी पंपाचा व्हॉल्व पाऊण वळण सोडला,
ताटीला कान लावला,
थोडा मागे घेतला.
"आमचं बी असंच आहे," म्हणाले,
आणि पान्हा पुसून पिशवीत टाकला.

साडेअकराला पुन्हा सुरू केलं.
दर दोन तासांनी कूलरमध्ये चार बादल्या.
तिसऱ्या बादलीला पडद्यावर नऊ अब्ज वीस कोटी:
आपला सूर्य साधारण याच सुमाराला झाला,
एका तीनशे प्रकाशवर्षांच्या चौकोनात,
ज्याची मी फक्त सरासरी ठेवते.

नळाला पाणी अजून कोमटच येत होतं.
चौथी भरायला लावली.