फिल्टर

खाण बंद झाली त्या संध्याकाळी
फटीने टिपर अंगणात आणून लावला,
चाकांना दगड दिले, किल्ली खिळ्याला अडकवली.
सहा पावसाळे तो तिथेच.
केबिनमध्ये मांजर दोनदा व्याली.

मी त्याची थोरली बहीण.
हायर सेकंडरीच्या प्रयोगशाळेत मदतनीस.
बाटल्या धुते, मुलांनी सांडलेलं पुसते,
आणि पुसता पुसता पंचवीस वर्षांत
बरंच काही कानावर पडलं आहे.

एकदा जेवताना त्याने विचारलं,
तळलेल्या तेलावर गाडी चालते म्हणतात, खरं?
म्हटलं, तेलावर नाही. तेलाचं आधी दुसरं काही करावं लागतं.
मग कर, म्हणाला,
आणि कढीचा वाटा पुढे केला.

तेव्हापासून रविवारी रात्री बाणावलीला.
केरोबिनाच्या हॉटेलचं मागचं दार, पत्र्याचे डबे,
चारदा तळलेलं, पाचदा तळलेलं,
तळाशी रवा, क्वचित एखादी बांगड्याची शेपटी.
कुडचड्याच्या भजीवाल्याचं वेगळं ठेवते,
त्याला ओव्याचा वास.
प्रत्येक डब्यातून चिमूटभर घेऊन
मी थेंब थेंब क्षार सोडते,
गुलाबी व्हायची वाट बघते.
बांगड्याचं उशिरा होतं गुलाबी.
जेवढं जास्त जळलेलं, तेवढं जास्त मागतं.
हे मी तेलाबद्दल बोलते आहे.

पहिली खेप फसली.
तेलात पाणी राहून गेलं होतं,
चाळीस लिटरचा साबण झाला.
पावसाळाभर कपडे त्यानेच धुतले.
फटीचा शर्ट दोरीवर पडला की
कावळे रांगेत येऊन बसायचे.

दुसऱ्या खेपेला नीट उकळून पाणी घालवलं.
मग चूल विझवली, दारं सताड उघडली,
फटीच्या विड्या माझ्या मुठीत,
आणि ते मेथॅनॉल, ज्याचा मास्तर नुसता वास घेऊ देत नसत.
सकाळी ड्रममध्ये दोन थर होते:
खाली काळा, काकवीसारखा,
वर सोनेरी, आरपार.
फटी बराच वेळ बोलला नाही.
मग त्याने बोट बुडवून चाटलं.
मी त्याला शिव्या घातल्या, दोन भाषांत.

तीनदा धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, टाकीत ओतलं.
टिपर आधी खोकला,
मग सुरू झाला.
शेजारच्या आल्दिनाने खिडकीतून विचारलं,
आज कोणाकडे तळण?

पहिलं भाडं फोंड्याचं, चिरे भरून.
बोरीच्या पुलानंतरचा चढ लागला
आणि गाडी अर्ध्यात थांबली.
मागे बसेस, हॉर्न, एक पाववाला सायकलवर,
सगळ्यांना सल्ले सुचत होते.
फटीने फिल्टर उघडला.
आत लाल गाळ, घट्ट,
शेंदरासारखा.

खाणीची माती.
सोळा वर्षं टाकीच्या पोटात बसलेली.
डिझेलने तिला कधी हात लावला नव्हता,
दोघांचं पटत असावं.
हे नवं, भजी-बांगड्यांचं,
आत गेलं आणि घासू लागलं.
माझं तेल इतकं स्वच्छ होतं
की त्याने गाडी बंद पाडली.

त्या महिन्यात चार फिल्टर बदलले.
प्रत्येक वेळी लाल थोडं कमी.
रबरी नळ्याही बदलाव्या लागल्या, तो खर्च वेगळा.
पाचवा फिल्टर फिकट पिवळा निघाला.
फटीने तो उजेडात धरला,
बोटांनी दाबून पाहिला,
आणि विचारलं, आता संपली का?

मला उत्तर आलं नाही.
टाकीचं विचारत होता की कसलं, कळेना.

पहिला फिल्टर मी प्रयोगशाळेत नेऊन ठेवला आहे,
बरणीत, चिठ्ठी न लावता.
मुलं विचारतात.
काहींना ओळखायला येतो. त्यांचे वडील ड्रायव्हर होते.

काल केरोबिना डबा देताना म्हणाली,
माझा रविवार तुमच्या गाडीला कुठवर पुरतो, सांग बघू.
मी तिथेच हिशेब केला, पायरीवर बसून.
म्हटलं, तुझा बांगडा चांदरपर्यंत पोचवतो,
पुढे भजी.