टोचतंय की बोथट

माझं काम इतकंच: एक सेफ्टीपिन, कापसाची वात
आणि कागदावर छापलेला माणूस,
पुढून एकदा, मागून एकदा,
अंगभर ठिपके, एका बाजूला अठ्ठावीस.
डोळे मिटा. सांगा, टोचतंय की बोथट?
शून्य, एक, दोन.
दोनाच्या पुढे आकडा नाही.
दोन म्हणजे पूर्वीसारखं.

रिब्निकच्या खाणीचं छत खाली आलं तेव्हा
अलोइझ कुश सातशे मीटर खोल होता.
उकरून काढायला साडेपाच तास.
आठ तासांच्या आत आला तरच चाचणीत घ्यायचा, असा नियम.
सात तास दहा मिनिटांनी
एल्फ्रिदानं सही केली,
त्याच्या जेवणाच्या डब्याचं झाकण कागदाखाली धरून.

लिफाफा औषधांच्या खोलीत फुटला.
बाटलीत औषध की मीठपाणी,
सर्जनला ठाऊक नाही, त्याला नाही,
मला तर नाहीच.
आंधळी परीक्षक, असं पदच आहे माझं.

खांदा: दोन. दंडाची बाहेरची कड: दोन.
अंगठा: जरा थांबून, एक.
मधल्या बोटाशी तो डोळे मिटून वाट बघत राहिला,
छपरावर उभं राहून बघतात तशी,
कबुतरं अजून दिसत नसताना.
करंगळी: शून्य.
छाती, बेंबी, मांडी, घोटा.
मी टोचत खाली खाली जात होते.
तो म्हणाला, सुरू केलंत का?

मग शेवटची जागा.
हातमोजा, एक बोट आत. दाबतेय, कळतंय?
तो म्हणाला, बाई, अठ्ठावीस वर्षं
मी जमिनीला हेच करत होतो.
तिलाही कळलं नसेल.
मी हसले आणि पुन्हा विचारलं.
नाही, म्हणाला.
मी 'नाही' लिहिलं.

सहा आठवडे. सहा महिने. वर्ष.
दर वेळी त्याचा एकच प्रश्न:
कबुतर कधी धरता येईल?
घराच्या माळ्यावर एक्केचाळीस होती, मेहुणा दाणे टाकायचा.
मनगट वर उचललं की अंगठा आपसूक तर्जनीकडे झुकतो,
एवढी चोरवाट थेरपिस्टनं शिकवली होती.
वर्षाच्या तपासणीला एल्फ्रिदा
पावाच्या टोपलीत, फडक्याखाली, एक राखाडी मादी घेऊन आली.
त्यानं मनगट उचललं. पक्षी छातीशी.
त्याचं काळीज अंगठ्याखाली धडधडत होतं.
टोचत नाही, तो म्हणाला,
बोथटही नाही.
मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.
तो गेल्यावर पिननं मिळालेले दोन लिहिले.

लेख छापून आला. तीन रुग्णालयं, एकशे सत्त्याऐंशी माणसं.
फरक पडला,
पण योगायोगानंही पडला असता एवढाच.
त्यानंतर दूरदूरच्या वॉर्डांत ते औषध द्यायला
डॉक्टर हात आखडता घेऊ लागले.
तिसऱ्या तक्त्यात, चौथ्या रकान्यात,
सरासरीच्या पोटात कुठेतरी
एक अंगठा.

कुणाला काय मिळालं ते सांगायला मी घरी गेले.
मीठपाणी, मी म्हटलं.
अलोइझ इतका हसला की खुर्ची हलली.
मेहुणा बोख्नियाच्या मिठाच्या खाणीत होता ना.
म्हणजे त्याचंच खाल्लं मी! आणि अंगठा
मिठाला जागला म्हणायचा.

एल्फ्रिदा हसली नाही. वर्षभर तिनं संत बार्बराकडे
औषधाची बाटली मागितली होती.
ज्यांना औषध मिळालं, त्यांचं काय?
न्युमोनिया, मी म्हटलं, त्यांच्यात जास्त झाला.
एक वोजिस्वाव्हचा होता, एकवीस वर्षांचा, कानात बाळी.
सहाव्या आठवड्याचा त्याचा कागद
मी कोरा पाठवला.
तिनं गॅस बंद केला.
वर माळ्यावर पंखांची फडफड झाली,
कुणी तरी परत आलं असावं.

अलोइझनं हात पुढे केला, डोळे मिटले.
विचारा ना.
पिन आणली नव्हती.
नखानं विचारलं.