पिवळं म्हणजे पाडायचं

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं
आणि माझ्या स्क्रीनवर पोलंडमधलं एक चर्च उघडतं.
सन अठराशे त्र्याण्णव. घडीवर फाटलेला कागद, स्कॅनही तिरकं.
काम साधं: जुन्या रेषेवर नवी रेष ओढायची.
चुकलं तर दुपारी क्राकूवहून ईमेल.

गावाचं नाव मला उच्चारता येत नाही.
त्यातल्या एलला तिरकी काडी मारलेली,
आम्ही रद्द भिंतीला मारतो तशी.
ग्रेसी मिस्किटा म्हणते, त्याचा व होतो;
त्यांच्या ठाण्याच्या चर्चमध्ये एकदा तिकडचा फादर आला होता.

रंग मात्र मला वाचता येतात.
पिवळं म्हणजे पाडायचं. लाल म्हणजे नवं.
बेलापूरला महापालिकेत प्लॅन टाकताना
आम्हीही हेच करतो.

पिवळं बरंच आहे.
कांद्यासारखा घुमट पिवळा.
गाल फुगवलेले चुन्याचे देवदूत, अकरा, सगळे पिवळे.
दोनशे वर्षांचा गिलावा खरवडायचा,
कारण खरं चर्च म्हणे आतल्या विटेत आहे.
आणि वर लाल शाईनं
दोन टोकदार मनोरे,
जे तिथे कधीच नव्हते.
याला म्हणायचं जीर्णोद्धार!
मी हसलो. मग कोपऱ्यातला शिक्का मोठा केला.

शिक्का रशियन. मंजुरीची सही रशियन.
तेव्हा त्यांचा देशच नव्हता नकाशात, ग्रेसी म्हणाली,
तिघांनी वाटून घेतलेला.
मी झूम तसाच ठेवून बसलो.

आमचं घर गोठिवलीत.
बाबांच्या ट्रंकेत जमीन संपादनाचा एक नकाशा होता,
त्यात आमचं गाव म्हणजे पांढरा डाग,
चहूबाजूंनी सेक्टर.
गावदेवीचं देऊळ कौलारू होतं, सागाचे चार खांब,
एकावर शिडाची होडी कोरलेली.
दोन हजार नऊ साली समितीनं ते उतरवायचं ठरवलं
आणि जागी गोपूर, पाच मजली, सिमेंटचं,
ऑइलपेंटचे हत्ती.
मी मीटिंगमध्ये उभा राहिलो, म्हटलं, हे आपलं नाही.
हिराजीकाका शांतपणे म्हणाला,
"आपला देऊल कलव्याशी दिसाला पायजे."
प्लॅन शेवटी मीच काढला. फुकट.
चारही खांब मीच पिवळे केले.

आज संध्याकाळी, लाल मनोऱ्याखाली,
पेन्सिलीच्या पुसट रेघा सापडल्या.
पाडण्याआधी कुणीतरी शिडी लावून
अकराही देवदूतांची मापं घेतलीत.
सातव्याचं नाक तुटकं. तुटकंच काढलंय.
क्राकूवची सूचना: पेन्सिल धरू नका.
मी एक नवा लेअर केला, नाव दिलं नाही,
नाक काढलं.

रात्री हिराजीकाकाकडे गेलो.
तो ओट्यावर जाळं तुणत होता,
जाळं टाकायला खाडी कुठे उरलीय ते विचारलं नाही.
खांब केवढा होता, काका?
त्यानं सुई दातांत धरली, दोन्ही हात पसरले,
डोळे मिटले,
हात थोडे जवळ आणले.
"एवरा."
हलू नको, म्हटलं,
आणि त्याच्या तळव्यांमध्ये टेप धरला.